घामाची भाकरी

तुमच्यापैकी अनेकांनी आठवीपर्यंत शाळेत दुपारचे जेवण घेतले असेल. केंद्र सरकारने ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. आपल्या राज्यात सुरुवातीला मुलांना घरी नेण्यासाठी तांदूळ मिळत असे. पुढे शाळेतच खिचडी शिजू लागली. हे जेवण मोफत असते. त्यासाठी मुलांना पैसे द्यावे लागत नाहीत आणि कामही करावे लागत नाही.

तरी या जेवणावरून घराघरांत वाद होतात. कुणी आजोबा म्हणतात, की फुकटचे खाण्याची सवय वाईट. मुलांनी निदान वर्ग झाडावा, पाणी भरावे, मग जेवावे. यावर एखादी आई म्हणते, की मूल शाळेत शिकायला जाते, मजुरी करायला नाही. भुकेल्या मुलाकडून जेवणाची किंमत कशी मागायची? दोघांचेही म्हणणे ऐकले, की दोन्ही बाजू खऱ्या वाटू लागतात.

हा प्रश्न नवा नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात एका माणसापुढे तो उभा राहिला होता. त्या वेळी सरकारी तांदूळ नव्हता आणि खिचडीही नव्हती. खेड्यांतून आलेली गरीब मुले होती, त्यांना शिकायचे होते आणि त्यांचे पोट रिकामे होते. त्या माणसाचे नाव भाऊराव पाटील. लोकांनी त्यांना कर्मवीर ही पदवी दिली. त्यांची मुले मात्र त्यांना अण्णा म्हणत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज या गावी एका जैन कुटुंबात झाला. वडिलांचे नाव पायगोंडा आणि आईचे नाव गंगाबाई. वडील सरकारी नोकरीत कारकून होते. त्यांची बदली होई तसे घरही गावोगाव हिंडे. भाऊराव अंगाने दणकट आणि स्वभावाने हट्टी होते. अभ्यासापेक्षा कुस्ती आणि पोहणे त्यांना अधिक आवडे. त्या काळी दलितांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. ती माणसे विहिरीपासून दूर उभी राहत आणि कुणी वरून पाणी ओतील म्हणून तासन्‌तास वाट पाहत. लहानपणी भाऊरावांनी हे पाहिले आणि संतापून विहिरीवरचा रहाटच मोडून टाकला, अशी आठवण सांगतात. रहाट मोडून विहीर सर्वांची झाली नाही, हे खरे. पण मुलाचा स्वभाव त्यातून दिसतो.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले आणि जैन समाजाच्या वसतिगृहात राहू लागले. कोल्हापुरात तेव्हा राजर्षी शाहू महाराजांचे राज्य होते. गरीब मुलांना शिकायचे असेल, तर शहरात राहण्याची आणि जेवण्याची सोय आधी झाली पाहिजे, हे महाराजांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढली. मुसलमान मुलांसाठी १९०६ साली मोहमेडन बोर्डिंग सुरू झाले. दलित मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला भाऊराव गेले होते. परत आल्यावर, दलितांमध्ये मिसळून आला आहेस म्हणून अंघोळ करूनच आत ये, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी अंघोळ करायला नकार दिला. त्यांना वसतिगृह सोडावे लागले. तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना आपल्याकडे ठेवून घेतले.

ज्या घराच्या जेवणाच्या पंगतीतून आपल्याला उठवले जाते, ते घर माणूस सहसा विसरत नाही. भाऊरावही विसरले नसावेत. पुढे त्यांनी स्वतः वसतिगृह काढले, तेव्हा सर्वांत आधी पंगतीचाच नियम ठरवला. त्याविषयी पुढे येईलच.

शाळेच्या परीक्षांत भाऊरावांना यश मिळाले नाही. मॅट्रिकची परीक्षा ते कधीच पास झाले नाहीत. पोटासाठी ते साताऱ्यात शिकवण्या घेऊ लागले. त्यात त्यांचा चांगला जम बसला. पण १९१४ साली त्यांच्यावर मोठे संकट आले. कोल्हापुरात राजघराण्यातील इंग्रज व्यक्तींच्या पुतळ्यांना कुणीतरी डांबर फासले. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. त्यांनी नकार दिला. त्यांना कैदेत टाकले, त्यांचा छळ झाला. तरीही त्यांनी खोटी साक्ष दिली नाही. अखेर त्यांची सुटका झाली.

यानंतर काही वर्षे त्यांनी व्यापारात काढली. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी फिरले. लोखंडी नांगराने जमीन नासते, असे तेव्हा अनेक शेतकऱ्यांना वाटत असे. त्यांची समजूत घालता घालता भाऊरावांनी खेडे जवळून पाहिले. शेतकरी पहाटेपासून राबत होता. तरी सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे, हे त्याला वाचता येत नव्हते. तो न वाचता अंगठा उठवत होता. त्याची मुले गुरे राखत होती. शाळा दूर शहरात होती आणि शहरात राहायचे तर खानावळीचे पैसे लागत. मुलगा हुशार असला तरी तो घरीच राही, कारण शहरात त्याच्या दोन वेळच्या भाकरीची सोय नसे.

भाऊराव महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे काम करीत. शिक्षणाशिवाय या लोकांची सुटका नाही, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. रयत हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला असेल. मूळ अरबी असलेला हा शब्द उर्दूतही आहे आणि मराठीतही आहे. शिवाजी महाराजांच्या काळापासून आपल्या कागदपत्रांत तो रुळला आहे. शेतात राबणारी सामान्य प्रजा म्हणजे रयत. राजेरजवाड्यांच्या किंवा एखाद्या जातीच्या नावाने संस्था काढण्याची त्या काळी रीत होती. भाऊरावांनी सर्वांना आपले वाटेल असे नाव निवडले.

१९२४ साली संस्था साताऱ्यात आली आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. पहिल्यांदा मुले अगदी थोडी होती. त्यांत मराठा होते, जैन होते, मुसलमान होते, महार आणि मांगही होते. या सर्वांनी एका घरात राहायचे, एका चुलीवर शिजलेले अन्न खायचे आणि एका पंगतीत बसायचे, हा भाऊरावांचा पहिला नियम. आज यात विशेष काही वाटत नाही. त्या काळी मात्र गावोगावचे लोक यामुळे बिथरले. आपला मुलगा कुणाच्या हातचे खातो, हे कळल्यावर काही बाप त्याला परत न्यायला आले असतील, तर त्यात नवल नाही.

आता प्रश्न होता खर्चाचा. मुलांच्या घरून पैसे येण्याची शक्यता नव्हती. ज्यांना शक्य होते, ते घरून धान्य आणत. ज्यांच्या घरी धान्यच नव्हते, ते काय आणणार? भाऊरावांनी त्यांना सांगितले, की तुमचे दोन हात घेऊन या.

अशा रीतीने वसतिगृहाची सगळी कामे मुलांच्या हाती आली. पाणी भरणे, सरपण फोडणे, भाकरी थापणे, आमटी शिजवणे, भांडी घासणे, आवार झाडणे ही कामे मुले पाळीपाळीने करीत. स्वयंपाकी नव्हता, गडी नव्हता. पहाटे उठायचे, काम करायचे, मग अभ्यास आणि शाळा. सुट्टीच्या दिवसांत मुले शेतावर जात, खडी फोडत, बांधकामावर दगडमाती वाहत. त्यांतून मिळालेले पैसे वसतिगृहाच्या खर्चाला लागत. जेवण साधेच असे. ज्वारीची भाकरी आणि पातळ आमटी. भाकरी पोटभर मिळाली, तो दिवस चांगला.

ही गोष्ट ऐकताना मनात शंका येते. शिकायला आलेल्या मुलांना मजुरीला लावणे, हे बरोबर होते का? त्या काळीही हा प्रश्न लोकांच्या मनात आलाच असेल. ज्या बापाने स्वतः जन्मभर दगड फोडले, तो मुलाला दगड फोडण्यासाठी शाळेत कशाला पाठवील?

या शंकेचे उत्तर भाऊरावांनी भाषणातून देण्यापेक्षा वसतिगृहाच्या रोजच्या कारभारातून दिले. तो कारभार नीट पाहिला पाहिजे.

समजा, एखाद्या शाळेत शंभर मुले आहेत. त्यांतील वीस गरीब मुलांना फुकट जेवण मिळते आणि म्हणून फक्त त्या वीस जणांनीच वर्ग झाडायचा आहे. उरलेली ऐंशी मुले खेळत आहेत. अशा शाळेत झाडू हातात घेतलेल्या मुलाला काय वाटेल? तो मान खाली घालील. झाडू म्हणजे गरिबीची निशाणी, असे सगळी शाळा समजू लागेल. काही मुले तर त्या लाजेपायी उपाशी राहणे पसंत करतील. असे काम म्हणजे शिक्षाच होय.

भाऊरावांच्या वसतिगृहात काम असे वाटलेले नव्हते. ज्याच्या घरून धान्याचे पोते येई, तोही पाणी भरी. ज्याच्या घरून काहीच येत नसे, तोही पाणी भरी. भांडी घासण्याची पाळी पाटलाच्या मुलाला चुकत नसे आणि भाकरी थापण्याची पाळी दलित मुलाला नाकारली जात नसे. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षाही मोठी होती. ज्या समाजात दलिताने पाण्याला शिवायचे नाही, त्या समाजात दलित मुलगा सर्वांसाठी भाकरी भाजत होता आणि सगळे ती खात होते. जातीभेदाविरुद्ध शंभर व्याख्याने देऊन जे साधले नसते, ते त्या चुलीने साधले.

शिवाय भाऊराव स्वतः बाजूला खुर्ची टाकून बसत नसत. अंगात जाडीभरडी खादी, खांद्यावर घोंगडी, पुढे पांढरी झालेली लांब दाढी, असा हा उंचापुरा माणूस मुलांबरोबर मातीत उतरत असे. मालक पाहतो आहे आणि मजूर राबतो आहे, असे ते दृश्य नव्हते. एखाद्या शेतकऱ्याच्या घरी बाप आणि मुले मिळून पेरणी करतात, तसे ते होते. घरातले काम केल्याबद्दल मुलगा आईकडे मजुरी मागत नाही आणि काम केले नाही म्हणून आई त्याचे ताट काढून घेत नाही.

त्या घराच्या आईबद्दल आता सांगायला हवे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. मुले त्यांना वहिनी म्हणत. त्या सधन, सोवळेओवळे पाळणाऱ्या कुटुंबातून आल्या होत्या. माहेरहून त्यांनी पुष्कळ दागिने आणले होते. नवऱ्याने घरात सगळ्या जातींची मुले आणून बसवली, तेव्हा त्यांना ते सुरुवातीला जड गेले असले पाहिजे. पण हळूहळू ती मुले त्यांचीच झाली. मुलांच्या भाकरीसाठी त्यांचे दागिने एकेक करून मोडले गेले. एकदा भाऊराव बाहेरगावी होते आणि वसतिगृहात धान्याचा कण उरला नव्हता. मुले भुकेली होती. वहिनींच्या अंगावर तेव्हा फक्त मंगळसूत्र होते. हिंदू आणि जैन स्त्रीला मंगळसूत्र प्राणापेक्षा प्रिय असते. नवरा जिवंत असताना ते गळ्यातून काढणे अशुभ मानतात. वहिनींनी ते काढून दिले आणि त्या पैशांतून धान्य आणले. त्या रात्री मुले जेवली. वहिनी १९३० साली वारल्या. तेव्हा वसतिगृहातील मुले आई गेल्यासारखी रडली.

मंगळसूत्राची ही गोष्ट बहुतेक पुस्तकांत वहिनींच्या त्यागाची गोष्ट म्हणून येते, आणि ती तशी आहेच. पण तिच्यातून आणखी एक गोष्ट कळते. मुले एवढी राबत होती, तरी त्यांच्या कामातून वसतिगृहाचा खर्च भागत नव्हता. दहाबारा वर्षांच्या मुलाच्या हातांत असे किती बळ असणार? तो पाणी भरील, झाडलोट करील, थोडे शेत खणील. त्यातून त्याचे पुस्तक आणि दोन वेळचे जेवण निघत नाही. उरलेले कुणीतरी घालावेच लागते. भाऊराव खेडोपाडी फिरत आणि घराघरांतून मूठमूठ धान्य मागत. आईबहिणींनी दळायला बसताना एक मूठ बाजूला काढावी आणि ती वसतिगृहाला द्यावी, असे ते सांगत. याला मुष्टिफंड म्हणत. कुणी पैसे दिले, कुणी जमीन दिली, कुणी गूळ दिला. वहिनींनी सोने दिले.

म्हणजे मुलांचे काम ही भाकरीची किंमत नव्हती. किंमत मोजायची म्हटली असती, तर एकही मूल जेवू शकले नसते. मग भाऊरावांनी कामाचा एवढा आग्रह का धरला? त्यांना मुलांच्या मनातून दोन गोष्टी काढून टाकायच्या होत्या. आपण दुसऱ्याच्या दयेवर जगतो, ही गरीब मुलाची भावना त्यांतली एक. चार बुके शिकलो, आता हाताला माती लागू द्यायची नाही, हा शिकलेल्या मुलाचा तोरा ही दुसरी. त्या काळी इंग्रजी शिकलेला तरुण शेतकरी बापाला ओळखही दाखवत नसे. भाऊरावांना असे साहेब तयार करायचे नव्हते. स्वावलंबी शिक्षण हेच त्यांनी आपल्या संस्थेचे ब्रीद ठेवले आणि डेरेदार वडाचे झाड हे तिचे चिन्ह ठरवले.

१९२७ साली महात्मा गांधी साताऱ्याला आले. त्यांनी हे वसतिगृह पाहिले. सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहतात, एकत्र राबतात आणि एकत्र जेवतात, हे पाहून त्यांना फार आनंद झाला. त्यांच्याच हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. ज्या राजाने अंघोळीला नकार देणाऱ्या मुलाला आसरा दिला होता, त्याचे नाव त्या मुलाने काढलेल्या वसतिगृहाला मिळाले. शाहू महाराज तेव्हा हयात नव्हते. १९२२ सालीच त्यांचे निधन झाले होते.

पुढे संस्था वाढत गेली. पुण्यात १९३२ साली युनियन बोर्डिंग निघाले. खेड्यांसाठी शिक्षक हवेत, म्हणून १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय सुरू झाले. ज्या गावांत शाळा नव्हती, तेथे भाऊरावांनी शेकडो प्राथमिक शाळा काढल्या. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. येथे मुलांना फी नव्हती आणि राहण्याची सोय होती. फीऐवजी मुलांनी श्रम करायचे होते. कमवा आणि शिका ही योजना येथे शाळेच्या वेळापत्रकातच आली. मुलांनी खडकाळ जमीन फोडून शेत तयार केले. जेथे कुसळे उगवत नव्हती, तेथे भाजीपाला पिकू लागला. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. तेथेही गरीब विद्यार्थी श्रमाच्या बळावर पदवीपर्यंत शिकू लागले.

या मुलांतून पुढे कोण कोण झाले, याची यादी मोठी आहे. एकाच नावाचा उल्लेख करतो. पी. जी. पाटील हे भाऊरावांच्या वसतिगृहात वाढलेले गरिबाघरचे मूल. ते इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले. परत आल्यावर वकिली करून पैसा मिळवण्याऐवजी ते भाऊरावांच्याच संस्थेत शिकवू लागले. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

भाऊरावांच्या संस्थेला सरळ रस्ता कधीच मिळाला नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर तरी अडचणी संपतील, असे वाटले होते. पण भाऊराव स्पष्टवक्ते होते. सरकारवर टीका केल्यामुळे १९४८ च्या सुमारास संस्थेचे सरकारी अनुदान काही काळ बंद झाले. पुढे ते पुन्हा सुरू झाले. याच सुमारास, गांधीजींच्या हत्येनंतर, त्यांच्या स्मरणार्थ एकशे एक हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी केला. खिशात पैसा नसताना असे संकल्प करण्याची त्यांना सवयच होती.

कऱ्हाडला १९५४ साली गाडगे महाराजांच्या नावाने कॉलेज निघाले. गाडगे महाराज स्वतः हातात खराटा घेऊन गावे झाडीत. त्यांचे आणि भाऊरावांचे जमले नसते, तरच नवल. १९५५ साली साताऱ्यात शिक्षकांसाठी कॉलेज सुरू झाले. त्याला भारताचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांचे नाव दिले. ते आझाद कॉलेज म्हणून प्रसिद्ध आहे. तुमच्यापैकी कुणी कधी साताऱ्याला गेलात, तर संस्थेच्या विधी महाविद्यालयाची पाटीही वाचा. त्या पाटीवर इस्माईलसाहेब मुल्ला हे नाव आहे.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण ही पदवी दिली. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. मॅट्रिक न झालेला हा माणूस तेव्हा आजारी होता. महिनाभरातच, ९ मे १९५९ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. साताऱ्यात त्यांची समाधी आहे.

आता आपण सुरुवातीच्या वादाकडे वळू. भाऊरावांची मुले राबली म्हणून आजच्या मुलांनीही खिचडीसाठी राबावे का? मला तसे वाटत नाही. त्या काळी गरीब मुलाला शिक्षणाचा हक्कच नव्हता. काम करणे किंवा अडाणी राहणे, एवढेच दोन रस्ते त्याच्यापुढे होते. २००९ साली झालेल्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. दुपारचे जेवणही कायद्यानेच मिळते. जे हक्काचे आहे, त्याची मजुरी मागता येत नाही. कुणी वर्ग झाडला नाही म्हणून त्याच्या ताटात खिचडी वाढायची नाही, असे भाऊरावांच्या वसतिगृहातही झाले नसते. वहिनींनी ते होऊ दिले नसते.

पण जेवण झाल्यावर आपले ताट आपण धुणे, सांडलेले पुसणे, पाळीपाळीने वर्ग झाडणे, यात मजुरी कसली? मात्र ती पाळी सगळ्यांची असली पाहिजे. जे खिचडी खातात त्यांची आणि जे घरून डबा आणतात त्यांचीही. मुलींची आणि मुलांचीही, कारण बऱ्याच शाळांत झाडू मुलींच्याच हातात दिसतो. आणि बाई-गुरुजींनीही एखाद्या दिवशी झाडू हातात घ्यायला हरकत नाही. आजोबांचे म्हणणे आणि आईचे म्हणणे यांतला खरा फरक येथे कळतो. काम कोणते आहे यापेक्षा ते कुणाकुणाला करावे लागते, हे आधी पाहायला हवे.

आज पुणे विद्यापीठात कमवा आणि शिका योजना आहे. तिला कर्मवीर भाऊराव पाटील यांचेच नाव आहे. खेड्यांतून आलेले कॉलेजातील विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत काही तास काम करतात. त्यांना तासांप्रमाणे पैसे मिळतात आणि त्यांतून त्यांची खानावळ भागते. ते वयाने मोठे आहेत. त्यांच्या कामाचा हिशेब वहीत लिहिला जातो आणि मोबदला त्यांच्या हाती पडतो. साताऱ्यातल्या पहिल्या मुलांच्या कामाचा असा हिशेब कुणी ठेवला नाही. पाणी भरून झाले, की घागर खाली ठेवायची, हात धुवायचे आणि जागा मिळेल तेथे पंगतीत बसायचे. शेजारी कोण बसले आहे, हे तेथे कुणी पाहत नसे.